भागिनाथचं कासव

अठ्ठ्याण्णव साली पाथर्डीच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत ड्रायव्हर भागिनाथ शकूरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात बसायचा. राक्षसांच्या झुंजीत प्रत्येकाला दोन राक्षस मिळायचे. बाकीची पोरं दोन्ही मारके घ्यायची. हा एक वाघ घ्यायचा अन् एक कासव. कासव कुणाला मारायचं नाही, नुसतं वाघापुढं ढाल धरायचं, त्याच्या जखमा भरायचं. पोरं खिदळायची.

त्या दिवशी समोर खुद्द शकूर बसला, आजवर कुणाला न हरलेला. त्याचे दोन्ही राक्षस वाघावर तुटून पडले. वाघाच्या जीवाची पट्टी पडद्यावर बोटभर उरली.

“मार की, मार!” पोरं ओरडली.

“गप बसा रं!” भागिनाथ खेकसला. घामानं बटण निसटत होतं, तरी तो कासवाची ढालच धरत राहिला. अखेर शकूरच्या राक्षसांचा जोर सरला. तेव्हा कुठं वाघानं झेप घेतली आणि दोघांनाही लोळवलं.

“काय वाघ हाय! वाघानं जिंकलं!” पोरं नाचली.

भागिनाथचं डोकंच फिरलं. “उसाच्या फडातबी असंच व्हायचं! आमची आई मोळ्या बांधायची, डोक्यावर वाहायची, बापाचा कोयता थांबू द्यायची न्हाई. अन् मुकादम बापाकडं बघून म्हनायचा, काय तोडतो गडी!”