डिस्कला आलेला ताप

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या लॅपटॉपला ताप आला आणि बाबांचं तोंड उतरलं. लॅपटॉप माझा, पण त्यातली एक फाइल बाबांची होती. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते तेव्हा आमच्या गावचं नाटक होतं, आणि त्यात बाबा कायम राजा. गाणारा राजा. त्यांना पेटीची साथ करणारे त्यांचे जिवलग दोस्त, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते उन्हाळ्यात गेले. मागच्या तालमीतली त्यांची पेटी बाबांच्या फोनवर होती. ती मी लॅपटॉपवर उतरवून घेतली, आणि आठवडाभरात फोन बाबांच्या खिशातून सटकून इटियाडोहच्या कालव्यात गेला. म्हणजे मास्तरांची पेटी आता जगात एकाच ठिकाणी उरली होती. सडक अर्जुनीचा नवा पेटीवाला यायला तयार होता, पण बाबांचं एकच, "तेच पेटी वाजंन तं मी राजा. नाई तं दुसरा पाहा."

म्हणून मी सकाळी ती फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला बसले, तर लॅपटॉप अर्ध्यातच गोठला. पुन्हा सुरू केला, पुन्हा गोठला.

"डिस्क गेली वाटते," मी बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही. बाबा मटकन खाटेवर बसले.

त्यांचं तोंड पाहून मला चेव चढला. म्हटलं, रडायचं कशाला, डिस्कलाच विचारू की! कमांड लिहायची काळी खिडकी उघडली. डिस्कच्या आत कंट्रोलर नावाची एक चिप असते. तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी असतो ना, कुणाचं पुडकं कुठं ठेवलंय हे ज्याला ठाऊक, तसा हा आतला मुन्शी. तो बोलला तर माल शाबूत असण्याची आशा. मी कमांड मारली:

sudo nvme id-ctrl /dev/nvme0

आणि भराभर ओळी उतरल्या! कंपनीचं मॉडेल, नंबर, आतल्या प्रोग्रामची आवृत्ती, सगळं. "बोलला! बाबा, मुन्शी बोलला!" मी खुर्चीतच उड्या मारायला लागले. बाबा चष्मा लावून पुढं वाकले. कितीवर तापलं की धोका समजायचा, त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"तीनशे सत्तावन? एवढ्या तापात जित्ता कसा राहीन तो?"

"ते वेगळं माप आहे हो. दोनशे त्र्याहत्तर वजा करा."

"चौऱ्यांशी," बाबा लगेच म्हणाले. दुसरी कमांड मारून आत्ताचा ताप विचारला. तोही चौऱ्यांशी! पण त्याच्याच खाली, खराबी शून्य, राखीव जागा पूर्ण. डिस्क ठणठणीत होती, नुसती फणफणली होती. मी बाबांचे हात धरून फुगडीच घातली. त्यांना काही कळलं नाही, पण फिरले बिचारे.

"मंग तापून काऊन राहिली?"

मी लॅपटॉपला कान लावला. पंखा चूप. आणि नाकाला वास आला, भाताचा, तोही चांगल्या सुवासिक भाताचा.

"आई, भात मांडलास का?"

"नाई बा, आत्ताच कुठचा?" म्हणत आई आतून आली. पालथा पडलेला लॅपटॉप आणि माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहून एकदम गप्प झाली. आमची आई गप्प होते म्हणजे नक्की काहीतरी आहे.

झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांत हळदीनं माखलेले तांदूळ घट्ट बसले होते. दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, मोटरसायकल यांच्या रांगेत आईनं लॅपटॉपही पुजला होता.

"तूच म्हनली होती, बटनांवर काई टाकू नोको. म्हनून मीनं त्याले पालथं घातलं नं!"

"अन् पंख्याच्या जाळीवर अक्षता? तेही वासाचा चिन्नोर? पाहुण्यांसाठी ठेवलेला?"

"एवढी महाग मशीन. तिले का जाडा तांदूर वाहू?"

जाडा असता तर जाळीतून आत गेलाच नसता! हसून हसून मला उचकी लागली, बाबांना ठसका, आणि आई रागावता रागावता स्वतःच हसायला लागली. एकेक दाणा चिमट्यानं काढून मी तिच्या तळहातावर ठेवला. टाकायचा नाही म्हणे, पूजेचा आहे.

पंखा भिरभिरला. मी आकडे ओरडून सांगू लागले, सत्तर, साठ, पन्नास! फाइल पेनड्राइव्हवर गेली, आईच्या फोनवर गेली, तरी बाबा खाटेवरून हलेनात.

"आकडे राहू दे. पेटी ऐकव."

मी वाजवली. आधी पेटीचा भाता हलल्याचा आवाज आला, मग मास्तरांचा खोकला, मग सूर. सूर थोडा घोळला आणि मास्तर म्हणाले, "हं, उचल भाऊ."

आणि बाबांनी गाणं उचललं.