मामांच्या कॅफेतली मॅकरोनी

"घरच्या सुनेच्याच घशाखाली उतरत न्हाई, ते गावाला काय खाऊ घालू? पोळा झाला की पाटी उतरवतो. भज्याचं हॉटेल टाकू."

मामा, म्हणजे माझे सासरे, हे सासूबाईंना सांगत होते आणि मी पडद्यामागे बशा पुसत होते. लग्नाला दोन महिने झाले होते.

मामा सात वर्षं हाँगकाँगच्या एका चिनी कॅफेत कूक होते. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर जालन्यात बसस्टँडजवळ त्यांनी तसाच कॅफे काढला. किस्से तिथं चहाच्या चोथ्यासारखे साचायचे. आजचे टाकले की उद्या तेवढेच.

*

तिकडचा कडक चहा लांब कापडी पिशवीतून गाळतात. पिशवी चहानं पार तपकिरी होते. जाफराबादच्या एका गुरुजींनी ती बघितली आणि कप खाली ठेवला.

"मालक, मोजा निदान धुवून तरी घ्यायचा."

"गुरुजी, गाळणी हाय ती. पायात कधी गेल्ती न्हाई."

खात्री पटावी म्हणून मामांनी मागं वाळत घातलेली दुसरी गाळणीही आणून दाखवली. जोडी बघितल्यावर गुरुजी उठलेच.

*

मॅकरोनी सूपमध्ये मिळायची, वर तळलेलं अंडं. हसनाबादच्या एका शेतकरीकाकांनी एक नळी उचलून उजेडात आरपार बघितली.

"पोकळ हाय. आतलं कुणी खाल्लं?"

पुढच्या बाजाराला ते घरून भाकरी घेऊन आले आणि सूपात कुस्करून वाटी पुसून खाल्ली. मामांनी ती पुसलेली वाटी उचलून आतून बघितली.

"तिकडच्यांना हे सुचलं न्हाई," ते म्हणाले.

*

डब्यातलं गोड दूध लावलेल्या टोस्टवर सासूबाई मिरचीचा ठेचा पसरत. "आता बराबर झालं."

मामा कपाळाला हात लावत. "माझ्या उस्तादाला कळलं तर बोटीत बसून भांडायला येईल."

"येऊ द्या. त्यालाबी देते एक."

*

आता माझं. दुपारी मामा माझ्यासाठी स्वतः मॅकरोनी करत आणि कशी झाली ते बघायला समोरच बसत. आमच्याकडं नवी सून सासऱ्यांसमोर घास तोंडात घालत नाही. सात वर्षांत मामा ते विसरले होते आणि त्यांना आठवण करून द्यायला मला तोंड नव्हतं. मी नुसता चमचा फिरवत बसे. ते उठले की वाटी घेऊन मोरीपाशी जाई, उभ्यानं सूपासकट सगळं संपवी आणि वाटी धुऊन ठेवी. मामांना वाटे, मी ओतून देते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा स्टुलावर चढून पाटीचे खिळे काढत होते. सासूबाईंनी स्टूल धरलं होतं. आत सहा-सात गिऱ्हाइकं होती. दोन खिळे निघाले, पाटी एका बाजूला झुकली.

मी पदर नीट केला आणि मधल्या टेबलाशी जाऊन बसले.

"मामा, एक मॅकरोनी. वर दोन अंडी. अन् मी खाताना समोर बसा."