मोजणीवाल्याला दिलेला आकडा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. असणार कसा? आमच्या चाळीतली निम्मी भुतं मीच तयार केलीत. गच्चीवर केस वाळवणारी बाई माझी. पाण्याच्या टाकीत पोहणारा गिरणीतला जॉबर, तोही माझा. मी दहावीत असताना त्याला जन्म दिला, आणि आज आमच्या चाळीतली पोरं तो मला सांगतात... त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा. मी मात्र हे लिहिताना दोनदा उठून दाराची कडी बघून आलोय.

मी प्रकाश, चाळीत सगळे पक्या म्हणतात. काळाचौकीत आमची चाळ. दुसऱ्या मजल्यावर एका ओळीत दहा खोल्या, समोरून कॉमन गॅलरी, एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला संडास. आमची खोली संडासाकडून तिसरी. पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा बायको आणि मुलगी सई डोंबिवलीला माहेरी गेलेल्या, त्या तिकडेच अडकल्या. घरात मी आणि आई. आई मूळची कुडाळकडची. चाळीस वर्षं मुंबईत काढली, पण बोलणं अजून तिकडचंच. आणि तिला दमा. जुना, हट्टी, तिच्यासारखाच.

तेव्हा बातम्यांत एकच सांगत होते, दमा असेल तर जपा. म्हणजे काय करू, सांगा? आख्ख्या मजल्याला संडास चार, नळ दोन. मी दुधाची पिशवी साबणाने धुवायचो. कोथिंबीर मिठाच्या पाण्यात इतकी बुडवायचो की कोथिंबीर कोमेजून मरायची. संडासाची कडी वर्तमानपत्राच्या तुकड्याने उघडायची, तुकडा आतच टाकायचा. मंडळाच्या डेकोरेशनचं जांभळं सॅटिन उरलेलं, त्याचे दोनशे मास्क शिवून आमच्या सेक्रेटरीने, सुहासने, घरोघर वाटले. आणि लोक काय करायचे? नळावर जाताना मास्क. गच्चीवर जाताना मास्क. आणि दुपारी गॅलरीत कॅरम मांडला, की चौघांचे मास्क हनुवटीखाली. कॅरम खेळताना विषाणू बहुतेक बाजूला उभा राहून शॉट बघतो, असा समज असावा.

त्या चौघांत मुख्य तात्या. आमच्यापासून तीन दारं सोडून राहायचे. वय ऐंशीच्या पुढे, आवाज भोंग्यासारखा. मी म्हटलं, "तात्या, तोंड झाका हो, घरात आई आहे माझी."

"अरे पक्या, हे तोंड गिरणीच्या मालकासमोर कधी बंद झालं नाही. एका जंतूसाठी झाकू?"

आई तर त्यांच्याही वरची. उंबऱ्यावर बसून सुकट निवडायची, उघड्या तोंडाने. "माका त्या फडक्यात दम लागता. तू बांध, तुझा तोंड बंद राहिला तर चाळीक बरा."

मग मला सुचलं. समजावून ऐकत नाहीत ना? घाबरवू.

मी एक गोष्ट सोडली. म्हटलं, प्लेगच्या साथीत या चाळीत एक कारकून दारोदार फिरून माणसं मोजायचा. भर दुपारी बाराला यायचा, दारात उभा राहून एकच शब्द विचारायचा, "किती?" मोजता मोजता तोच प्लेगने गेला. आता साथ परत आली, म्हणून तोही परत आलाय. पण त्याला फक्त उघडी तोंडं दिसतात. ज्याचं तोंड झाकलेलं, तो मोजला जात नाही. जो मोजला जात नाही, त्याला नेत नाही. प्लेगच्या वेळी आमच्या चाळीची वीटही रचलेली नव्हती, पण गोष्ट ऐकताना बांधकामाचं वर्ष कोण विचारतं?

नुसत्या गोष्टीवर कोकणी माणूस पटत नाही. त्याला वाढलेलं पान दिसावं लागतं. म्हणून दर बुधवारी बाराच्या ठोक्याला मी जिन्याच्या वळणावर, मीटरबॉक्सखाली, त्याचा मान ठेवायला लागलो. भाकरी, चिमूटभर सुकट, अर्धा नारळ. कोकणात देवाला घालतात तसं हात जोडून गाऱ्हाणंही घातलं. बघायला सगळे दारात. तीन दिवसांत दुसरा मजला जांभळा झाला, हो. लोक मास्क लावून झोपायला लागले. तात्यांच्या सुनेने, रेश्माने, घरच्या तुळशीलाही फडकं बांधलं, असं मी सगळ्यांना सांगायचो. तुळशीचं खरं नाही, बाकी सगळं खरं आहे.

आता माझी हुशारी ऐका. तेव्हा नारळ मिळायची मारामार. मग मान म्हणून ठेवलेला अर्धा नारळ मी संध्याकाळी गुपचूप उचलून आणायचो, आणि आई त्याची सोलकढी करायची. दोन बुधवार असे गेले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सुहास दारात उभा राहून हसत म्हणाला, "काकी, पक्या जबरदस्त आहे हां. भुताचा नारळ तुम्हालाच पाजतोय."

आई हसली नाही. हातातलं भांडं खाली ठेवलं.

"दिलेलो मान उचललंस?"

"अगं कसला मान? गोष्ट माझी आहे, मीच बनवली."

"तू बनवलंस. पण गाऱ्हाणा घातलंस ना? पान ठेवलंस ना? मगे तो कोणाचा तरी झाला." आणि जरा थांबून, "फुडल्या बुधवारी नवीन नारळ ठेव. हात लावू नको."

पुढच्या बुधवारी नारळ मिळाला नाही. खरं सांगायचं तर मी शोधलाही नाही. औषधं आणायला सकाळी परळला चालत गेलो, परत जिना चढलो तेव्हा बारा वाजत आले होते.

वळणावर पाय ठेवला आणि वरून आवाज आला, "किती?"

आतून कोणी बाई म्हणाली, "चार."

मी हसलोच. पालिकेची माणसं तेव्हा घरोघरी सर्व्हे करायची. वर आलो तर पहिल्या खोलीसमोर पांढऱ्या पीपीई किटमधला एक जण पाठमोरा. म्हटलं, बिचाऱ्याने दारात यायची वेळ काय साधली. मी नियमाने सहा फूट अंतर ठेवून मागून चालू लागलो.

दुसरं दार. "किती?" आतून, "पाच." त्याने मान हलवली. पुढे.

तिसरी खोली बंद होती. त्या घरचे लॉकडाऊनच्या आधीच गावी गेलेले, दाराला हे एवढं कुलूप. तो तिथे थांबला. "किती?" मी म्हणणार होतो, अहो, कोणी नाही आत. पण तो ऐकत होता. आपण आतल्या माणसाचं ऐकतो ना, मान जराशी कलती करून, तसा. मग त्याने मान हलवली आणि पुढे गेला.

तेव्हा मला जाणवलं की त्याच्या हातात काही नाही. फाईल नाही, ताप बघायचं ते पिस्तूल नाही. आणि ते किट... तुम्ही कोणी घातलं असेल तर माहीत असेल, प्लास्टिक पावलागणिक चरचरतं. हा चालत होता आणि काहीही वाजत नव्हतं.

तात्यांचं दार. "किती?"

रेश्मा आतूनच म्हणाली, "तिघं."

तिघं? ती, तिचा नवरा, पोरगं आणि तात्या. चार होतात. दोन दिवस तात्या कॅरमला आले नव्हते, हेही मला तेव्हाच आठवलं. त्याने इथे मान हलवली नाही. नुसता उभा राहिला, बराच वेळ. मग निघाला.

मधली तीन दारं झाली, आणि पुढे आमचं दार. उंबऱ्यावर आई. समोर सुपात तांदूळ, तोंड उघडं.

मला ओरडायचं होतं. आमच्या मजल्यावर माझा आवाज कधी बसल्याचं कोणाला आठवत नसेल, पण त्या क्षणी सॅटिनच्या आत नुसती हवा हलली. तो आईसमोर थांबून वाकला. "किती?" मी धावलो, त्याच्या आणि आईच्या मध्ये घुसलो, माझ्या तोंडावरचा मास्क ओढून काढला आणि तिच्या तोंडावर दाबला. वापरलेला मास्क, दम्याच्या बाईला. डॉक्टर ऐकतील तर मारतील. पण माझ्या डोक्यात माझीच गोष्ट फिरत होती... झाकलं की मोजत नाही, मोजलं नाही की नेत नाही.

मग मी त्याच्याकडे बघितलं. बघायला नको होतं. तोंडावरच्या त्या पारदर्शक काचेवर आतून वाफ धरली होती. आपण श्वास सोडला की वाफ येते, घेतला की विरते. ही विरत नव्हती. नुसती वाढत होती. तो श्वास सोडत होता... सोडतच होता. घेत नव्हता.

"किती?"

मी म्हटलं, "एक."

म्हणजे मी. आई नाहीच, असं.

माझ्या तळहाताखालून, मास्कच्या आतून आई बोलली. शांतपणे, भाजीवाल्याशी बोलावं तशी.

"खोटा बोलता तो. लहानपणापासून बोलता. दोन आसंव."

इतका राग मला आईचा आयुष्यात आला नव्हता. त्याने तिच्याकडे पाहिलं असावं. मान हलवली. आमच्यानंतर दोन खोल्या, दोन्ही बंद, तिथेही विचारून तो संडासाकडे वळला. संडासाला मागचं दार नसतं. मी पंधरा मिनिटं गॅलरीत उभा होतो. कोणीही परत आलं नाही.

सुहासला फोन लावला. तो म्हणाला, "आज सर्व्हे नाही रे. असला की मला आदल्या दिवशी फोन येतो." मी सगळं सांगितलं. ऐकून म्हणाला, "पक्या, हा माल मला विकू नकोस. मी तुझा डिस्ट्रिब्युटर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या गेले.

ताप त्यांना आधीपासून होता, हे नंतर कळलं. उचलून क्वारंटाइनला नेतील म्हणून घरच्यांनी लपवलं होतं. त्या काळात अशी किती घरं असतील. म्हणजे याला कारण आहे, साथ होती, वय होतं. मी स्वतःला हेच सांगत होतो. पण महिन्याभराने नळावर रेश्मा भेटली. डोळे खाली घालून म्हणाली, "तो विचारायला आला तेव्हा मामंजींना धरलंच नाही मी. तुम्हीच सांगितलं होतंत ना भाऊजी, मोजलं नाही तर नेत नाही."

बादली भरून वाहत होती, ती बघत राहिलो.

माझ्या गोष्टीत मी नियम उलटा घातला होता. ज्याला सोडलं, तोच गेला. आणि मी आईला सोडायला निघालो होतो.

पुढचे चौदा दिवस तिच्या बोटाला दर दोन तासांनी ऑक्सिमीटर लावत होतो. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "माका काय होवचा नाय. तेना माका मोजल्यान." तिला साधी सर्दीही झाली नाही. मास्क मात्र त्या दिवसापासून तिने बिनतक्रार लावला. मास्कने आम्हाला वाचवलं, याबद्दल माझा वाद नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दलही मी वाद घालू शकत नाही, एवढंच.

कारण ते संपलं नाही. साथ गेली, बायको आणि सई परत आल्या, सॅटिनच्या मास्कांची पायपुसणी झाली. आई अजून दर बुधवारी बाराला दार लोटून उंबऱ्याच्या आत पाट टाकून बसते. मी ऑफिसला, त्यामुळे मला बरीच वर्षं पत्ताच नव्हता. एकदा सुट्टी होती म्हणून बघितलं. बारा वाजले, आणि आई बंद दाराकडे बघून म्हणाली, "चार." मग उठून भात लावायला गेली.

"आई, कोण होतं?"

"येता तो. मी सांगतंय, मगे जाता."

आम्ही डोंबिवलीला मोठी जागा बघितली होती. आई यायला तयार नाही. "थंय उत्तर कोण देतलो? तू? तू थापा मारतलंस. आकडो खरो सांगूक लागता."

हे आज लिहायला बसलो त्याचं कारण असं. सोमवारी आईचा दमा वाढला, ॲडमिट केलं. आता बरी आहे, उद्या सकाळी घरी सोडणार आहेत. आज बुधवार. बायको ऑफिसला, सई कॉलेजला. मी रजा घेऊन घरी, आईचा डबा भरत होतो. दाराला कडी होती.

"किती?"

तोच आवाज. अगदी दाराला चिकटून.

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? राहतो आम्ही चौघं, पण या क्षणी घरात मी एकटा. एक म्हणालो तर तिघी मोजायच्या राहतात. चार म्हणालो तर खोटं, कारण चार जण घरात नाहीत. हातात डब्याचं झाकण, आणि आयुष्यभर सेकंदाला तीन थापा मारणाऱ्या मला एक खरा आकडा ठरवता येईना. शेवटी म्हटलं, "चार." त्याने मान हलवली की नाही, ते बंद दारातून कळणार कसं?

पाच मिनिटांनी फोन वाजला. आई, हॉस्पिटलमधून.

"तो थंय इल्लो?"

"आला होता. तुला कसं कळलं?"

"हंय पण इल्लो. घरात किती, विचारी होतो. तू काय सांगलंस?"

"चार."

मागे वॉर्डातली कोणाची तरी ट्रॉली गेल्याचा आवाज आला.

"मी तीन सांगलंय," ती म्हणाली. "मी खंय घरात आसंय?"

मला याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. डॉक्टरांना आता पुन्हा फोन केला, ते म्हणतात रिपोर्ट उत्तम आहेत, सकाळी दहाला घेऊन जा. वाचणाऱ्यांपैकी कोणाला माहीत असेल, दोन ठिकाणी दोन आकडे गेले तर तो कोणता धरतो, तर कृपा करून लगेच कळवा. दहा वाजायच्या आत.