रेहाना आपांचे उलटे ताट

मागच्या हिवाळ्यात एका बुधवारी दुपारी रेहाना आपांनी जळगावच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना उलटे ताट वाढले. ठेचा, लिंबू, कांदा उजवीकडे. वांग्याचे भरीत डावीकडे. कळण्याची भाकरी मधे. वाढून झाल्यावर त्या जेवायला बसल्या नाहीत. समोर उभ्या राहून आमचे हात पाहत होत्या.

हात पाहणे ही त्यांची जुनी सवय. रेहाना शेख मूळच्या धुळ्याच्या, उर्दू शाळेत शिकलेल्या. आमची छोटी कंपनी मोबाइलची अ‍ॅप्स बनवते. मी त्यातला मराठी मजकूर लिहितो. पडद्यावर काय कुठे दिसावे, कोणते बटण कुठे यावे, हे आपा ठरवत. नवे अ‍ॅप कुणाच्या हातात दिले की त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नसत, अंगठ्याकडे बघत. म्हणत, "तोंड म्हणतं, छान आहे. अंगठा खोटं बोलत नाही."

तेव्हा धुळ्यातल्या एका दवाखान्याचे काम चालू होते. पेशंटने घरूनच नंबर लावायचा. मराठी अ‍ॅप सुरू झाले होते. पण त्या वस्तीतल्या पुष्कळ बायका फक्त उर्दू वाचतात. त्या सकाळपासून बाकावर येऊन बसत. आपांच्या अम्मीही त्यांत, गुडघे धरून. उर्दू अ‍ॅपसाठी आपांनी मालकांच्या, कांतीशेठच्या मागे लकडा लावला होता.

उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणून आमचा प्रोग्रामर निलेश, साक्रीचा, याने सगळा पडदाच आरशात धरावा तसा फिरवला. त्यात घड्याळाचे काटेही उलटे फिरू लागले. आपा म्हणाल्या, "निलेशभाऊ, या घड्याळाप्रमाणे डॉक्टर कालच येऊन गेले." घड्याळ सुलटे झाले. बाकीचे आपांनी पास केले.

रविवारी दवाखान्यात चाचणी झाली. बहुतेक बायकांचे नंबर लागलेच नाहीत. मराठीत 'नंबर लावा' हे बटण खाली उजवीकडे होते, 'रद्द करा' डावीकडे. पडदा फिरवल्यावर दोघांच्या जागा बदलल्या. डाव्या कोपऱ्याकडे जाताना उजवा अंगठा आधी 'रद्द'वर टेकत होता. अम्मी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मैंने तो हां दबाया था. तेरा मोबाइलच ना बोलता है, तेरे बाप पे गया है."

बायका हसल्या. कांतीशेठ हसले नाहीत. "आपा, अजून एक रविवार देतो. नाही जमलं तर उर्दू बंद. आपलं मराठी बरं चाललंय."

त्यानंतरचा तो बुधवार. निलेश नेहमीप्रमाणे मोबाइल बघत जेवायला बसला. भाकरीचा तुकडा मोडून त्याने उजवीकडचा मोठा घास घेतला आणि ताडकन उठला.

"आपा, हाई काय शे! भरीत कोठे गयं?"

"पाणी देते. आधी सांगा, ताट फिरवलं तेव्हा तुमचा हात फिरला का?"

"हात कसा फिरेल? पाणी द्या ना!"

"अम्मीचाही नाही फिरला. डोळा शाळेत शिकतो, हात घरी शिकतो. आपण डोळ्यासाठी सगळं फिरवलं, हाताला विचारलंच नाही." मग पाण्याचा तांब्या दिला आणि स्वतःचे ताट वाढून घेतले, सुलटे.

दुसऱ्या दिवशी पडदा नव्याने मांडला. मजकूर, तारखांची ओळ, मागे जायचा बाण उजवीकडून राहिले. फोन नंबर आणि घड्याळ होते तसेच. 'नंबर लावा' हे बटण खाली या कडेपासून त्या कडेपर्यंत. 'रद्द' वरच्या कोपऱ्यात, लहान.

"एवढं मोठं बटण?" कांतीशेठ म्हणाले. "पाटी वाटते."

"शेठ, दुकानाची पाटी तुम्ही लहान ठेवता का?"

रविवारी आपांनी पहिला मोबाइल अम्मींच्याच हातात दिला. आपा अंगठ्याकडे पाहत होत्या, आम्ही आपांकडे. अंगठा खाली गेला, पडद्यावर नंबर उमटला. अम्मी म्हणाल्या, "अब बोला हां." उर्दू बंद झाले नाही.

उन्हाळ्यात आपा पुण्याला दुसऱ्या कंपनीत गेल्या. गेल्या महिन्यात दवाखान्यातून आमच्याकडे तक्रार आली: अम्मी रोज नंबर लावतात आणि येत नाहीत. आपांनी पुण्याहून फोन करून विचारले. अम्मींचे उत्तर त्यांनी आम्हाला जसेच्या तसे कळवले: "देखती हूं, हां बोलता है कि नहीं."

उर्दू अ‍ॅप चालू आहे. काल सकाळचा पहिला नंबर अम्मींचा होता.