वाडीतल्या आईचे डोळे

देवी मुंबईला गेल्यापासून आत्याचं जेवणात लक्ष नव्हतं. म्हणून तिला प्रदर्शन दाखवायला न्यायचं मी ठरवलं.

देवी म्हणजे तिच्या चौलच्या सुपारीच्या वाडीतला, विहिरीजवळचा शेंदराचा उंच गोळा. त्याला हातपाय दिसत नव्हते. दिसायचे ते चांदीचे दोन डोळे. आत्याचा मुलगा नीलेश लहानपणी डोळ्यांच्या दुखण्यातून बरा झाला, तेव्हा नवस फेडायला तिनेच ते बसवले होते. सगळे त्याला आई म्हणत.

गेल्या वर्षी शेंदराला तडे गेले. तज्ज्ञ येऊन बघून गेले. आत मध्ययुगीन मूर्ती असावी, म्हणाले; शेंदूर काढतो, प्रदर्शनात ठेवतो, मग परत आणून देतो. गाव राजी होतं, आत्या नव्हती. ‘आत काय आहे ते बघू तरी,’ असं म्हणून तिला मीच तयार केलं.

जाणाऱ्यांसाठी : अलिबागहून मांडव्यापर्यंतची बस लाँचच्या तिकिटातच येते. शनिवार-रविवार टाळा. वरच्या डेकचे थोडे जास्त पैसे पडतात, ते द्या. थंडीत लाँचमागे सीगल येतात आणि लोक त्यांना वेफर्स टाकतात. आत्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ आणि वेणी होती. वेगळ्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं.

‘एक भाकरी खाऊन घे,’ मी म्हटलं.

‘ओटी भरल्यावर.’

गेटवेला उतरून संग्रहालयापर्यंत चालत गेलो. दारावरच्या माणसाने पिशवी ठेवून घेतली.

‘नारळ आत चालणार नाही, मावशी.’

‘मग काय हात हलवत जाऊ देवीकडं?’

‘इथे सगळे तसेच जातात.’

आत उजेड मंद होता. काशाच्या जैन मूर्तींपाशी घाई करू नका. तशा पुन्हा एकत्र बघायला मिळणार नाहीत. आत्या थांबत नव्हती. ती शेंदरी रंग शोधत होती. पाषाणाच्या दालनातल्या एका काळ्या मूर्तीसमोरून ती पुढे निघून गेली. मी पाटी वाचली. सूर्य, बारावं शतक, चौल.

खांद्यापाशी दोन कमळं, एक फुटलेलं. चेहरा अखंड होता. इतका शांत चेहरा मी दगडात पाहिला नव्हता. मी बराच वेळ बघत राहिले. मग आत्याला हाक मारली.

‘हीच ती, आत्ये.’

तिने खालून वर बघितलं.

‘बाय, हा तर बाप्या हाय.’

‘सूर्य आहे.’

‘एवढी वर्षं मी याला खण वाहिले व्हय?’

मी हसले. तीही हसली, पण थोडंच. मग म्हणाली, ‘हा खाली बघतोय. ती माझ्याकडं बघायची.’

शेजारच्या काचपेटीत शेंदराचा एक तुकडा होता, कांद्यासारखे पापुद्रे असलेला. त्याच्या बाजूला पांढऱ्या कापडावर चांदीचे दोन डोळे. पाटीवर लिहिलं होतं, ‘नंतरची भर’. आत्याने तिथे चपला काढल्या आणि हात जोडले. मागची माणसं खोळंबली. ती पाटी मी तिला वाचून दाखवली नाही.

परतीच्या लाँचवर तिने डबा उघडला. भाकऱ्या मोडून सगळ्या सीगलना घातल्या. नारळ, खण तसेच घरी आले.

प्रदर्शन संपलं, मूर्ती चौलला परत आली. विहिरीजवळ आता पत्र्याची शेड आणि जाळीचं दार आहे. कोणीही वाट सांगेल. अलिबागला माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना तिकडे नेते, आणि दर वेळी तो चेहरा मला तितकाच सुंदर वाटतो. आत्या घरातूनच ‘जाऊन या’ म्हणते.

डोळेही परत मिळाले, प्लास्टिकच्या डबीत. नीलेश म्हणाला, ‘मूर्तीला चिकटवून देतो.’

आत्याने डबी त्याच्या हातातून घेतली. ‘नको,’ म्हणाली. ‘त्याला त्याचे हायत.’