मावशी उभी तर घर

रुग्णालयात तिला सगळे धीरमावशी म्हणत. तिच्याकडे ना सुई, ना गोळी. घाबरलेल्या माणसाजवळ बसायचं, तो बोलला तर ऐकायचं, त्याला हवी असेल तर त्याच्या देवाची प्रार्थना म्हणायची, नको असेल तर गप्प राहायचं. याच कामाचा तिला पगार मिळे. बरा होणाऱ्याची चौकशी ती दारातूनच करी. खुर्ची ओढून बसे ती ज्याचं काही खरं नाही त्याच्यापाशी. आता रोगी झाले म्हणून काय आंधळे असतात? त्यांनी हे बरोबर हेरलं आणि वॉर्डात म्हणच पडली: मावशी उभी तर घर, मावशी बसली तर वर.

मावशी ते हसण्यावारी नेई. नव्या डॉक्टरांना मात्र तिने एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. "वाईट बातमी उभ्याउभ्या फेकू नका. आधी माणसाला बसवा, स्वतः बसा, मग तोंड उघडा."

आणि एक दिवस तिचा धाकटा भाऊच हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्या वॉर्डात आला.

भाऊ नळदुरुस्तीवाला. "जन्मभर लोकांचे व्हॉल्व्ह बदलले, आता माझाच बदलतायत," असं आल्यागेल्याला ऐकवत होता. पण ऑपरेशनच्या सकाळी मावशी आत आली, ठणकत्या गुडघ्यांनी सवयीप्रमाणे खुर्चीला हात घातला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, बसू नकोस!"

शेजारच्या खाटेवरच्याने त्याला ती म्हण सांगितली होती.

"अरे वेड्या, गुडघे दुखतात माझे."

"दुखू देत. डॉक्टरीण तुला काय म्हणाली? खरं सांग."

डॉक्टरीणबाईने काही लपवलं नव्हतं. हृदय फार थकलंय, टेबलावर काहीही होऊ शकतं. पण ऑपरेशन नाही केलं तर फार दिवस काढणार नाही. भावालाही तिने हेच सांगितलं होतं, पण त्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. मावशी कुठल्याच रोग्याशी कधी खोटं बोलली नव्हती. पण याला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं.

"मी उभी आहे ना?" ती म्हणाली. "मग झालं तर."

भाऊ हसला. स्ट्रेचर हलेपर्यंत ती खाटेची दांडी घट्ट धरून उभी राहिली, आणि तो हसतच आत गेला.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर रिकाम्या खुर्च्यांची रांग होती. मावशी बसेना. झाडूवाली म्हणाली, "टेका की जरा, पाय बघा कसे कापतायत." मावशी तिच्यावर खेकसली. जन्मभर दुसऱ्यांची भीती पदरात घेणारी बाई, आज एका खुळचट म्हणीला जीव मुठीत धरून चिकटली होती. आपण बसलो की तो गेला, याशिवाय तिच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. प्रार्थनासुद्धा आठवेना.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आली. तिने मास्क काढला, दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या आणि एकीवर स्वतः बसली.

"मावशी, बसा."

मावशीने भिंत धरली.

"उभ्यानेच सांग," ती म्हणाली. "पाया पडते तुझ्या, पोरी, उभ्यानेच सांग."