अण्णांचा अर्धवट न राहिलेला सीन

गुरुवार होता. निगडीला प्राधिकरणात एका अर्ध्या बांधलेल्या बंगल्याच्या गच्चीवर माझे वडील, अण्णा, क्लॅरिनेट घेऊन बसले होते, आणि समोर चक्क कॅमेरा होता! ऐंशी-एक्याऐंशीचं साल असेल. मी तेव्हा बारावीत... आईबरोबर चहाची किटली सांभाळायचं काम माझ्याकडे.

अण्णा पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबायच्या खात्यात होते. पण त्याआधी सातारा भागात त्यांचा छोटा ऑर्केस्ट्रा होता. अण्णा क्लॅरिनेटवर, गोविंदकाका हार्मोनियमवर आणि बबनकाका ढोलकीवर. लग्नं झाली, पोरं झाली, मग तिघेही एकामागोमाग एक पिंपरीला आले आणि कंपनीत चिकटले. क्लॅरिनेट कपाटावर गेलं ते गेलंच.

आमच्या चाळीत नंदू नावाचा ड्राफ्ट्समन राहायचा. त्याला सिनेमाचं भयंकर वेड! पगारातून पैसे साठवून, कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून तो एक सिनेमा काढत होता. पन्नाशीला टेकलेले तीन जुने वादक बऱ्याच वर्षांनी एकत्र येतात, अशी गोष्ट. पुण्याचे नट परवडेनात, म्हणून त्याने खरेच वादक धरले.

अण्णा खूश होते, पण शेवटच्या सीनवर त्यांचं घोडं अडलं. त्यात क्लॅरिनेटवाला मध्येच थांबतो, "आता जमत नाही" म्हणतो आणि वाद्य पेटीत ठेवतो. अण्णा दोन दिवस घरात धुमसत होते.

"मी अर्धवट वाजवून कधी उठलो न्हाई. लोक काय म्हणतील?"

नंदू बिचारा समजावून थकला. अण्णा, ते पात्र आहे, तुम्ही नाही... पण अण्णांना ते पटेना. आणि खरं सांगू का, आम्हाला वेगळीच भीती होती. त्यांचा पुढचा दात हलत होता, जिना चढला तरी दम लागायचा. आई म्हणाली, "थांबायचा सीन आहे तेच बरं. नाहीतरी पुरं वाजणार आहे का?" हे अण्णांनी ऐकलं. ते क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती पुसत बसले.

त्यात तालमीला आणखी एक गंमत. वाजवता वाजवता कंपनीचा भोंगा झाला की तिघेही जागच्या जागी थांबायचे! बबनकाका तर एकदा ढोलकी ठेवून डब्याची पिशवी शोधायला लागले. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप सुटायचे. नंदू कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो काका, कट मी म्हणणार, भोंगा नाही!"

म्हणूनच त्याने शूटिंगला गुरुवार निवडला होता. आमच्या भागात त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी. पण पलीकडच्या एका कंपनीची सुट्टी रविवारची, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

शिल्लक राहिलेलं शेवटचं रीळ लावलं. पहिल्या काही सुरांत अण्णांचा आवाज जरा फाटला, मग लागला... आणि असा लागला की मी किटली खाली ठेवली. थांबायची जागा जवळ आली, आणि तेवढ्यात तिकडून दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला.

गोविंदकाकांची बोटं थांबली. बबनकाका अर्धे उठलेसुद्धा. झालं, रीळ गेलं, असं मला वाटलं. मी आईकडे बघितलं, तर ती अण्णांकडे बघत होती.

अण्णा थांबले नव्हते. ना भोंग्यासाठी, ना सीनसाठी. मान लाल झाली होती, डोळे मिटलेले... शेवटच्या सुरापर्यंत एकट्याने वाजवलं त्यांनी. नंदूने कॅमेरा बंदच केला नाही.

नंतर बबनकाकांनी विचारलं, "भोंगा ऐकला न्हाईस व्हय रं?"

"ऐकला की. त्यो उद्या बी वाजंल. माझं हे परत कवा वाजायचं?"

सिनेमा थिएटरला काही लागला नाही. चाळीच्या मैदानात पांढरी चादर बांधून आम्ही तो बघितला. नंदूने शेवट तसाच ठेवला होता, भोंग्यासकट. आई पदराने डोळे पुसत शेजारणीला सांगत होती, "आमचे हे..."

शेवटी नावं आली. कंपनीत अण्णांची ओळख म्हणजे बिल्ल्यावरचा नंबर. इथे पडद्यावर पूर्ण नाव होतं, आणि त्यापुढे लिहिलं होतं... क्लॅरिनेटवादक. अण्णा ताठ बसून ते वाचत होते. एवढ्या अभिमानाने मी त्यांच्याकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

अण्णा आता नाहीत. वडील काय करायचे, असं कुणी विचारलं की मी सांगते, क्लॅरिनेट वाजवायचे. कंपनीचं नंतर सांगते... तेही विचारलं तरच.